न फुलणारा निळा चित्रक

श्रीवर्धन, फेब्रुवारी १९५८

चि. बापूस दादाचा आशीर्वाद. तुझा खोकला गेला असेलच. (नसला तरी कळवू नकोस, तुझी वहिनी काढे पाठवील.) आम्ही सुपारीसकट खुशाल आहोत.

विशेष असे की, तुझे बर्वेसाहेब मुलासाठी आमच्या प्रमोदिनीला पाहून गेले, तेव्हा निघताना त्यांनी निळ्या चित्रकाचे रोप वहिनीच्या हाती दिले. मूळचे दक्षिण आफ्रिकेचे आणि त्यांच्या भारी जिव्हाळ्याचे. "पहिला बहर आला की कळवा, लगेच बैठकीला येतो," म्हणाले. तेव्हापासून वहिनीने घरातल्या माणसांकडे बघणे सोडले. सुपारीचे शिंपणे आटोपले की नामा गड्याने उरलेले सगळे पाणी त्याला घालायचे. शिवाय नामाचा सल्ला, "वयनी, मुळात सुकी मासली पुरा. न्हाय फुलला तं मना सांगा." वहिनी मासळीला शिवत नाही, पण मुलीच्या लग्नासाठी तिने ती स्वतः पुरली आणि डोक्यावरून अंघोळ केली. (जानवे असते तर तेही बदलले असते.) गावातली झाडून सारी मांजरे आमच्याकडे राहायला आली. झाड असे माजले की विहिरीच्या रहाटात जाऊन अडकले. फुलाचा मात्र पत्ता नाही. दृष्ट लागली म्हणून वहिनीने त्याला बिब्बा आणि मिरच्या बांधल्या, तरी नाही. खाऱ्या हवेत हे फुलायचे नाही, असे माझे मत झाले आहे. बर्वेसाहेबांना ताटकळत ठेवणे बरे दिसत नाही. त्यांनी चिरंजीवांसाठी दुसरीकडे खुशाल बघावे.

बाकी ठीक.
दादा

ता. क. इथपर्यंतचे बर्वेसाहेबांना दाखव, खालचे घडीवर फाडून टाक. झाडाला रोज कळ्या येतात. त्या असतात चिकट. पहाटे पूजेची फुले घेऊन आलेल्या प्रमोदिनीच्या पदराला त्या चिकटलेल्या दिसल्या. विचारले तर म्हणाली, "मीच खुडते, दादा. मला पुण्याला ट्रेनिंगला जायचंय, मास्तरीण व्हायचंय. आईला सांगून ती ऐकेल?" ती ऐकणार नाही. पोरीला हे चोरून करावे लागले, याचे मला फार वाईट वाटले. तेव्हा एवढे लग्न तू मोडून दे.

आणखी एक. प्रमोदिनी आता पहाटे अभ्यासाला बसते, त्यामुळे कळ्या खुडायला मी जातो. म्हातारपणी मला देवपूजेची गोडी लागली, असे तुझी वहिनी आळीभर सांगत फिरते.