पोटखराब्याचा आंबा

आये, तुला वाचता येत नव्हतं आणि आता तर तू नाहीसही, म्हणून हे तुलाच लिहितोय. बाकी सगळ्यांना सांगून झालं. मला चार अक्षरं आली ती आंब्याच्या पेटीत घालायच्या रद्दीवरून. पेटी तशीच राहायची आणि मी बातमी वाचत बसायचो. तू म्हणायचीस, "आंबा पेपर वाचीत नाय रं, भर आदी."

आपला वरचा कातळ आठवतो ना? बाबा सुरुंग लावून खड्डा फोडतायत आणि तू खालच्या पऱ्याकडून, ओढ्याकाठची मातीची टोपली डोक्यावर घेऊन चढतेयस. माझ्या वेळचे दिवस भरत आलेत, तरी चढतेयस. ही गोष्ट तू इतक्यांदा सांगितलीस की ती मीच पाहिली असं वाटतं. तलाठी वर आला, कातळावर बूट आपटून म्हणाला, "वैनी, ह्यो कागदावर पोटखराबा हाय. लागवडीला नालायक. कशाला मरता?" तू टोपली उतरवली नाहीस. एक हात पोटावर ठेवून म्हणालीस, "माज्या पोटात खराबा नाय, भावोजी. तुमच्या कागदाच्या पोटात असंल." कलमं धरली, आंबा मुंबईला जायला लागला. कागदावरचा तो शब्द मात्र तसाच राहिला. तो बदलून घ्यायला आपल्यातलं कुणी गेलंच नाही. झाड डोळ्यांना दिसतंय, ते कागदाला कशाला सांगायचं, अशी आपली समजूत.

तू गेल्यावर सरकारला ती जमीन हवी झाली. मुलींसाठी हातकामाची शाळा काढायची होती, म्हणजे सार्वजनिक काम. मुलींची शाळा म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? मोजणीच्या साहेबांना आम्हीच शहाळी फोडून दिली. मोबदला आला तो पोटखराब्याचा. मी विचारलं, "साहेब, आणि ही कलमं?" साहेब म्हणाले, "कागदावर झाडं नाहीत." आये, ते झाडाच्या सावलीत उभे राहून बोलत होते.

रत्नागिरीचे दोन जिल्हे झाले, साहेब बदलले, पण शाळेची एक वीट आली नाही. काटेरी तार तेवढी आली. मग एका शिमग्याच्या सुमाराला पंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली, 'हापूस कलमांच्या उत्पन्नी बागेचा लिलाव'. बाग तीच, कचेरी तीच. घेताना खराबा आणि विकताना हापूस. बाग एका व्यापाऱ्यानं घेतली, नाव मात्र 'सरकारी बाग'च राहिलं. कुंपणानं शेत खाल्लं असं आपण म्हणतो. इथं कुंपण शेत खाऊन ढेकर देतं आणि वर म्हणतं, इथं शेत नव्हतंच.

परवा आमदारांची समिती रेस्ट हाउसवर आली, जमिनी गेलेल्यांची गाऱ्हाणी ऐकायला. गावानं मला पुढं केलं, बाकीचे पडवीत थांबले. आत गेलो तर ताटल्यांत आंबा चिरून ठेवलेला. कारकुनानं एक ताटली माझ्याही हातात दिली. अध्यक्ष फोड चोखत म्हणाले, "वा! कुठला हो?"

कारकून म्हणाला, "इथल्याच सरकारी बागेतला, साहेब. वरच्या कातळावरचा."

आदल्या रात्रीपासून पाठ केलेलं सगळं विसरलो. एवढंच विचारलं, "साहेब, पोटखराबा गोड लागला ना?"

मग मी सांगितलं ते सगळं. म्हटलं, कायदे तुम्ही करता, तर असा करा की जमीन घेण्याआधी मालकाला समोर बसवून विचारलं पाहिजे, आणि तिच्यावर काय उभं आहे ते कागदात न बघता डोळ्यांनी बघितलं पाहिजे. ज्या कामासाठी घेतली ते झालं नाही तर ज्याची त्याला परत. लिलाव कसला करता? शाळा बांधली असतीत तर आमच्या नाती तिथं शिकल्या असत्या, मी तोंड उघडलं नसतं.

अध्यक्षांनी रुमालानं बोटं पुसली. "आजोबा, देशासाठी थोडा त्याग करावा लागतो."

"केला की. पण देश कुठाय त्या तारेच्या आत? व्यापारी हाय."

मागून आपला शेजारी ओरडला, "व्हय महाराजा!" देवाला गाऱ्हाणं घालताना म्हणतो तसं, आणि सगळी पडवी हसली. अध्यक्षही हसले. म्हणाले, "लेखी द्या, बघू."

म्हणजे पुन्हा कागदच. उद्या देणार आहे, सोडणार नाही. त्यात 'पोटखराबा' हा शब्द पहिल्या ओळीत घालणार आहे.

हे तुला लिहिलेलं मात्र कुणाला देणार नाही. गावात सगळ्यांना सांगितलं की मी ती ताटली तशीच ठेवली, चोरीचं खाणारा मी नव्हे. शेजारी चार लोकांत माझं कौतुक करतो. खरं तुला सांगतो. समितीवाले जीपमध्ये बसायला गेले तेव्हा मी दाराआड उभा राहून सगळ्या फोडी खाल्ल्या, साल चोखली. तुझ्या मातीचा होता, आये. टाकवेना.