दोरीच्या अलीकडची माणसं

शनिवार, १३ जून

चिऊ,

अनेक आशीर्वाद. तुम्ही सगळे बरे असाल.

आज का कोण जाणे, होस्टेलमधलं ते गालगुंड आठवलं. सिस्टरांनी तुला आजाऱ्यांच्या खोलीत ठेवलं होतं आणि मी मागच्या दाराने येऊन तुझ्या उशीवर गाल घासले, मलाही सुट्टी मिळावी म्हणून. मग दोघी टम्म फुगून एकमेकींना हसत बसलो.

फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. आपल्या दुकानातला काचा घासणारा कारागीर तुझ्या टपालपेटीत टाकेल. त्याला आत बोलावू नकोस.

लॉकडाऊन उठल्यावर यांनी चष्म्याचं दुकान पुन्हा उघडलं. दारात आडवी दोरी, गिऱ्हाइकाने पलीकडे उभं राहायचं. यांचा मास्क मात्र हनुवटीवर. मी ओरडले तर म्हणतात, “नाक झाकलं की चष्म्यावर वाफ येते, उघडं ठेवलं की तुझ्या डोक्यातून येते. करू तरी काय?”

मध्येच उठले. खिडकी उघडली, पुन्हा लावली. कशात मन लागत नाही.

दोरी गिऱ्हाइकांसाठी. आपली माणसं खालून वाकून आत येतात. यांचा आतेभाऊ तसाच आला, खोकत. मी म्हटलं, “भाऊजी, मास्क?”

“वहिनी, गार पाण्याचा खोकला हा! आणि आपण काय परके आहोत?”

मी ओशाळले. माझाही काढला, चहा ठेवला. रोग जणू अनोळखी माणसांकडूनच येतो. घरच्यांसमोर तोंड झाकलं तर तो त्यांचा अपमान.

भाऊजी आता ऑक्सिजनवर आहेत.

घराला रंग देतोय, उद्या येऊ नका, असं तुला म्हटलं ते खोटं. रंगबिंग काही नाही. असता तरी मला वास आला नसता. साबणाचाही येत नाही. ताप आहे. बसल्या जागी दम लागतो. हे ठणठणीत आहेत, ताट दाराबाहेर ठेवतात. मास्क अगदी डोळ्यांपर्यंत, चष्मा धुरकटलेला, आणि पुसतही नाहीत. दवाखान्यात खाट मिळाली की मला हलवतील.

“मी काय परकी आहे?” म्हणून तू फोन आपटलास. अगं, परक्याला कोण एवढं अडवतं? त्या न्यूमोनियानंतर तुझी छाती कशी झाली आहे, मला ठाऊक आहे. रुसून का होईना, तू येशीलच. आणि तू दारात उभी राहिलीस तर मला दार लावून घेणं जमणार नाही. म्हणून तूच येऊ नकोस.

आता नीट वाच. आईचं घड्याळ तुझ्या लेकीला. ते मागे पडतं, दुरुस्त करू नये. शिलाई मशीन शेजारच्या नर्सबाईंना, दवाखान्यांना फोन त्याच करताहेत. शाली सूनबाईला, न आवडलेल्या तिने खुशाल वाटून टाकाव्यात. यांच्या चहात साखर अर्धा चमचाच, कितीही लाडीगोडी लावली तरी.

तुझ्यासाठी काही काढून ठेवलेलं नाही. तू घरी थांब, एवढंच तुझ्या वाट्याचं.

तुझी,
ताई