गिरजाबाईंच्या गांडुळांचं विरजण

१४ ऑक्टोबर, आरमोरी

बातमीसाठी गिरजाबाईंच्या गांडूळखड्ड्यावर गेलो. मथळा मनात तयार — ‘महिलेची भरारी’. मिळाली दुर्गंधी! गांडुळं मोजकीच, बारकी, रया गेलेली. चांगल्या खड्ड्यात हटकून दिसणारे, मातीत उड्या मारणारे पांढरे किडे तर औषधालाही नाहीत. बोटांना निळा-पांढरा भुसा चिकटला. तीनदा साबण लावला, तरी नखात आहेच. शी!

बाई काळजीत. लेक भाग्यश्री दिवाळीला मुलचेऱ्याहून येणार, तिथल्या नव्या खड्ड्यासाठी टोपलीभर गांडुळं न्यायला. इकडे बाया ती विरजणासारखी एकमेकींना देतात.

१५ ऑक्टोबर

बाईंना सांगितलं, संस्कृतात गांडुळाला महीलता म्हणतात — भुईची वेल. म्हणाल्या, “मंग येलाले काकडी काऊन नाई लागत भाऊ?” इतक्या वर्षांचं अध्ययन तिथेच गाडलं.

१९ ऑक्टोबर

भाची दीपिका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तिला सूक्ष्मदर्शकासह बोलावलं. गांडुळाच्या आतड्यात निळे तंतू, गुंता झालेले. आणि हे म्हणे नुसतं दिसणारं! याचाच आणखी चुरा होतो, तो या यंत्रालाही दिसत नाही; आतड्याची भिंत ओलांडून अंगात शिरू शकतो. मग जीव खात नाहीत, वाढत नाहीत, अंडी कमी घालतात.

भुसा आला कुठून? खड्डा पूर्वी पळसाच्या पानांनी झाकायचे. बाईंचे यजमान इस्तारीभाऊ पानं तोडायला कंटाळले. दोन उन्हाळे खताच्या रिकाम्या चुंगड्या, म्हणजे प्लास्टिकच्या निळ्या-पांढऱ्या गोण्या, अंथरल्या. गांडुळांना ऊन लागू नये म्हणून! ऊन चुंगड्यांनी खाल्लं, चुंगड्या गांडुळांनी.

बाईंनी यंत्रातून एकदाच पाहिलं. तोंडाला पदर लावला. मग म्हणाल्या, “असलं माह्या पोरीले मी देत नाई.”

भाऊ कोपऱ्यात विडी विझवत बसले होते.

२० ऑक्टोबर

चुंगड्या काढल्या. भाऊ जाळणार होते, दीपिकाने अडवलं. टाकायच्या कुठे, हे तिलाही ठाऊक नाही. तूर्त माझ्या अंगणात. हात लावला की पापडासारख्या मोडतात. जेवण गेलं नाही.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

भाग्यश्री आली. टोपली का मिळणार नाही, हे बाई तिला समजावत होत्या. पोर गोंधळली. टोपली तर बाबांनी पोळ्यालाच पोचवली! तिकडे मुलचेऱ्यात शेजारच्या बंगाली वस्तीतल्या बायांनाही वाटून झाली. “तूच म्हंते ना माय, इरजण मांगणाऱ्याले नाई म्हणू नये.”