सुंठवड्याची चिमूट

मैना,

तुला काय मिळवायचं होतं ते मला कळतं. अण्णांनी तुझं कौतुक करावं, एवढंच. ते मिळालं. काल रामनवमीचा सुंठवडा तू त्यांच्या तोंडात टाकलास आणि माझा बाप माझ्यादेखत म्हणाला, "सून असावी तर अशी."

मी लेक. मी त्यांना रोज बसवून मऊ भात चमच्याने भरवते, बोटाला फडकं गुंडाळून हिरड्या पुसते. त्यावर मला "कजाग" म्हणतात आणि चावतात. दात तीनच उरलेत, पण नेमके समोरासमोर.

प्रसादाला नाही म्हणू नये, कबूल. पण कोरडी पूड त्यांना गिळता येत नाही. मधात कालवून चाटवायची असते. मला विचारलं असतंस तर मी कौतुकात वाटेकरी झाले असते ना. रात्रभर ठसकत होते, आता अंग तापलंय. मी पंचवटीतून डॉक्टरांना घेऊन येते.

तोवर त्यांना टेकवून बसतं ठेव. पाणीसुद्धा चमच्यानेच दे. तोंड पुसताना चावतील, तेव्हा ओरडू नकोस.

कौतुक तुझ्या वाट्याला आलं, चावे माझ्या. भोगतायत मात्र अण्णा.

अक्का