बागेचं फिरतं फाटक

नागपूर, १२ जून १९७४

विद्यापीठाच्या बागेला आता एका वेळी एकच माणूस जाईल असं फिरतं लोखंडी फाटक बसवलंय. गाई आत येऊ नयेत म्हणे! गाई मागच्या पडक्या भिंतीवरून खुशाल शिरतात. अडते ती सायकल.

आज शेजारच्या कुंदाला सायकल शिकवायला नेलं होतं. तिच्या वडिलांची अट साफ आहे: कॉलेज लांब, तेव्हा सायकल चालवता आली तर कॉलेज, नाहीतर लग्न. माझ्या कितीतरी विद्यार्थिनी त्याच बागेत सायकल शिकल्या. रस्त्यावर कुठे शिकवू? ट्रकखाली?

चौकीदार म्हणाला, "सायकल बाहेर ठेवा जी, बाई."

"मग ही शिकेल कशावर? तुमच्या स्टुलावर?"

"मले काय विचारता? साहेबाले विचारा."

विद्यापीठाचे साहेब मोटारीतून येतात. एवढ्या इमारती उभ्या केल्या, पण त्यांच्यातला एकतरी कधी सायकलवर बसला असेल का? त्या फाटकाला मी लाथ मारली. ह्या वयात! मला लहानपणी शिकवणाऱ्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी पाहिलं असतं तर...

फाटक नुसतं गोल फिरलं.

परतताना कुंदा म्हणाली, "जाऊ द्या ना बाई, काहून त्रास करून घेता? मी राहतो घरी."

रडली असती तर बरं झालं असतं. माझी जुनी सायकल तिने नीट पुसून व्हरांड्यात लावली आणि कुलपाची किल्ली माझ्या हातात ठेवली.