सुटलं, हात हलके

अप्पा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि काल चिंताकी गावात मी तुमच्या आवाजात ओरडलो. मित्रासंगं म्हैस बघायला आलो होतो. म्हैस परवाच विकली गेली, मी अजून इथंच. तुम्ही असता तर म्हणाला असता, "कामून गेलास न् कामून राहिलास?" तर, भिंतीला ओल आली म्हणून मित्राच्या मामांचं लोखंडी कपाट सरकवायचं होतं. चौघं ढकलायलोत, हालंना. मग खाली करकरलं आणि माझ्या तोंडून निघालं, "सुटलं! हात हलके!" सगळ्यांनी हात हलके केले. कपाट शहाण्यासारखं सरकलं. मामांची बारावीतली लेक म्हणाली, "अण्णा, ह्याला स्थितिक घर्षण म्हणतेत. हलवायला जोर जास्ती, हलल्यावर कमी." मी नववीत शाळा सोडलेली. म्हणलं, आमच्या अप्पाला नाव ठाऊक नव्हतं, बाकी सगळं ठाऊक होतं.

भालकीची ती पीठगिरणी आठवतेय ना? तुम्ही जड यंत्रं हलवायची कामं घ्यायचात, मी एकोणीस वर्षांचा, तुमच्या हाताखाली नवा. पट्टा काढून ठेवलेली गिरणी शेजारच्या खोलीत न्यायची होती. तुम्ही पुढं पहार लावून वाकलेले, मी मागून रेटतोय. ती जागची हलत नाही. "जेवलायस न्हवं? का नुसता च्या पिऊन आलास?" म्हणत तुम्ही हसताय. मग ती सुटली. तुम्ही ओरडलात, "हात हलके!" मी तसाच रेटत राहिलो, आणि गिरणीचा पाय तुमच्या अंगठ्यावर गेला.

मालक मला बोलायला लागला, तेव्हा रक्त पुसत तुम्ही म्हणालात, "पोराला ऐकू आलं न्हाई. गिरणीत कुठं ऐकू येतंय, मालक?" बंद गिरणीत! घरी येताना लंगडत एवढंच म्हणालात, "तुला हलवायलाच जोर लागतो. एकदा सुटलास की थांबत न्हाईस." अंगठा वाकडाच राहिला. चप्पल पुढून कापून घातलीत, शेवटपर्यंत, पण विषय कधी काढला नाहीत.

मामा आवाज द्यायलेत. कपाट एका पायानं डुगडुगायलंय, खाली घालायला घडी केलेला कागद पाहिजे. हाच देतो, तुमचा पत्ता तसाही मला ठाऊक नाही. त्याआधी एवढं लिहितो. अप्पा, मला ऐकू आलं होतं. एवढं मोठं लोखंड माझ्या हातानं चाललं होतं, आणि तुम्ही मान वळवून बघेपर्यंत मला हात काढायचे नव्हते.