चौथीची जागा

प्रिय बाळ्या,

तिथे येणारं प्रत्येक पत्र आधी उघडतात, त्यांच्या भाषेत उतरवून घेतात आणि मगच कैद्याच्या हातात देतात, असं खटल्यातल्या दुभाषी बाई म्हणाल्या. घेऊ देत. माझ्याकडे लपवण्यासारखं जे होतं ते सगळं आज इथेच लिहिणार आहे. मग कोणी का वाचेना.

मी बरी आहे. गुडघे धरलेत, तेवढंच. रुग्णालयाच्या शिवणखोलीत परत जायला लागले. फाटक्या चादरी, उशांचे अभ्रे, काम तेच. तुझी बातमी आली तेव्हा आमच्या मुख्य बाईंनी मला पंधरा दिवस घरी बसवलं. परत गेले तर माझं मशीन खिडकीपासून उचलून कपाटाच्या आडोशाला ठेवलेलं. "उजेड डोळ्यांवर येतो म्हणत होतात ना," असं म्हणाल्या. मी तसं कधीच म्हटलं नव्हतं. तिथेच बसून चादरी शिवायला घेतल्या. चिमी तर बहीणच तुझी, पण तिने बजावलंय, "आई, माझ्या मुलींसमोर त्याचं नाव काढायचं नाही." मी काढत नाही. तरी एखादे दिवशी जेवताना 'हे बाळ्याला आवडायचं' असं तोंडातून निसटतं, आणि दोन्ही नातींचे हात ताटातच थांबतात.

तू गेलास त्याला सोळा वर्षं झाली. पहिली तीन वर्षं तू कंत्राटदाराच्या हाताखाली भिंती खरवडत होतास. आठ जणांत एक खोली. तिथली भाषा येईना म्हणून मुकादम तुला 'मुका' म्हणायचा. एकदा फोनवर रडलास. "आई, इथे मी माणूस आहे हे कोणाच्या गावीही नाही," म्हणालास. खटला चालू असताना मी ते वाक्य घट्ट धरून बसले होते. वाटायचं, त्या परक्या मुलखाने माझ्या लेकाला असं केलं. मग तुझ्या खोलीतला एक जण साक्षीला उभा राहिला, आता टॅक्सी चालवतो तो. "आम्ही आठही जण तसेच राहत होतो," म्हणाला. "हा माझ्या शेजारी झोपायचा. मी तापाने फणफणलो होतो तेव्हा माझं ताट यानेच धुतलं." त्याचं बोलणं मला फोनवरून सांगताना दुभाषी बाई अर्ध्यात थांबल्या. "काकू, जरा पाणी पिऊन येते," म्हणाल्या आणि बराच वेळ परत फोनवर आल्या नाहीत. त्या दिवशी माझ्या हातातलं तेवढं एक कारणही गेलं. त्या सात जणांच्या वाट्याला तेच आलं होतं. ते थकले, चिडले, कोणी दारू प्यायले. पण त्यांनी कोणाला जिवे मारलं नाही.

नंतर तुझं स्वतःचं रंगाचं काम सुरू झालं. 'आई, आता मी मालक' असं म्हणालास तेव्हा मी शिवणखोलीत सगळ्यांना सांगत सुटले होते. रिकाम्या घरांच्या किल्ल्या तुझ्या हाती असायच्या. आणि आपल्याकडून नव्याने आलेल्या बायका, जागा शोधून टेकीला आलेल्या, कोणी धड बोलेना अशा, त्यांना तू भेटायचास. आपल्या भाषेत बोलणारा. "एक जागा आहे, दाखवतो." पहिली कपड्यांच्या कारखान्यात काज करायची. दुसरी रुग्णालयात फरशी पुसायची. आमच्याकडे रोज येते तशी एखादी असेल, हे माझ्या डोक्यातून जातच नाही. तिसरी शिकत होती आणि संध्याकाळी भांडी घासत होती. सहा वर्षांत तिघी. काम सोडून गेली असेल म्हणून मालक गप्प. इकडे त्यांच्या घरची माणसं फोन लावून लावून थकली, पण तिथल्या चौकीत जाऊन उभं राहील असं त्यांचं कोणी नव्हतं.

चौथीचं मात्र कोणीतरी होतं. तिच्याबरोबर राहणारी, धुलाईच्या दुकानात इस्त्री करणारी पोरगी, मोडक्या भाषेत अकरा दिवस ओळीने चौकीत गेली. "रविवारी रंगाऱ्याबरोबर जागा बघायला गेली ती आली नाही." बाराव्या दिवशी त्यांनी तुझं दार ठोठावलं. तुझ्या खोलीत तिची पिशवी मिळाली. त्यावरून तू काम केलेली सगळी घरं तपासली, तू रंगवलेल्या भिंती फोडल्या गेल्या आणि मागच्या तिघी सापडल्या. चौथी मात्र नाही. "हिला मी ओळखत नाही," एवढंच तू धरून बसला आहेस.

बाळ्या, तू तिला ओळखतोस. मीही ओळखते.

त्या रविवारी दुपारी तुझा नेहमीचा फोन आला. मी गोधडीला शेवटचे टाके घालत होते. "आई, आपल्याकडची एक जण आहे. जागा बघायची आहे, पण एकटी यायला बिचकते. जरा बोल तिच्याशी," असं म्हणालास. आणि मी बोलले. "अगं, तो तोंडाचा गोड नाही, पण कामाचा आहे," म्हटलं. "बिनधास्त जा. माझ्या पोटचा आहे." ती हसली. "काकू, बरं वाटलं हो तुमच्याशी बोलून," म्हणाली. जेवलीस का विचारलं, तर म्हणाली, "आधी जागा बघते, मग जेवते."

पोलिसांनी मला विचारलं होतं, मुलाने कधी कोणाला तुमच्याशी बोलायला दिलं होतं का? मी नाही म्हटलं. तुला वाचवायला म्हटलं असं मनाला सांगत राहिले. खरं तर मी मला वाचवत होते.

आणि आणखी एक. हे चिमीलाही माहीत नाही. तू बारा वर्षांचा असताना खालच्या मजल्यावरची लहानगी हरवली होती. सगळी इमारत जिने, गच्ची, रस्ता पालथा घालत होती. तिला हाका मारण्यात तूच सगळ्यांच्या पुढे. पाच तासांनी पंपाच्या खोलीतून रडण्याचा आवाज आला. दाराचं लॅच लागलेलं होतं, ते फोडावं लागलं. तुझी चड्डी धुवायला घेतली तेव्हा खिशात त्या खोलीची किल्ली होती. मी ती गुपचूप तिच्या नेहमीच्या खिळ्याला अडकवून आले, आणि दार आपोआप लागलं असेल असं मीच सगळ्यांना पटवलं. तिची आई जिन्यात छाती पिटत होती तेव्हाचा तुझा चेहरा मी पाहिला होता. तुला घाम फुटलेला नव्हता, भीती नव्हती. तू खूश होतास. मी त्याच वेळी तुला धरून त्या बाईसमोर उभं करायला हवं होतं. पोर आहे, विसरेल, असं म्हणून मी तुला जेवायला वाढलं.

म्हणून तुझं हे न सांगणं कशासाठी आहे ते वकिलाला कळत नसेल, मला कळतं. शिक्षा मरेपर्यंतची आहे, सांगून वाढणार नाही आणि न सांगून कमी होणार नाही. तू फक्त बघतो आहेस, अजून शोधतायत का ते. बस कर रे. मी हात जोडते, पाया पडते तुझ्या. कोणत्या आईने पोराच्या पाया पडावं? मी पडते.

काल सकाळी एक बाई दारात आली. दोन गाड्या बदलून, विचारत विचारत आली होती. हातात पिशवी, पायात झिजलेल्या चपला, माझ्याच वयाची. "मी तिची आई," म्हणाली. मला वाटलं थोबाडीत मारेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "जाता जाता पोरीचा फोन आला होता. म्हणाली, 'एका काकूंशी बोलले, आता भीती नाही.' त्या काकू तुम्हीच का?" मी मान हलवली. पोलिसांना जे सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं, आता पोलिसांनाही कळवते आहे. ती खाली बसली. पिशवी मांडीवर घेऊन म्हणाली, "मला तुमच्या मुलाचं काही नको. कुठे आहे तेवढं सांगू दे. मी आणायला जाईन." तेव्हापासून ती बाहेरच्या खोलीत आहे. घोटभर चहा सोडून पोटात काही नाही. हे पत्र स्वतः टाकून मगच जाणार म्हणते. जागा सांग बाळ्या. मला सांगू नकोस, माझ्याशी पुन्हा बोलूही नकोस, पण वकिलाला सांग, पहारेकऱ्याला सांग, ज्या भिंतीपाशी असेल ती भिंत सांग. आत्ता ती दाराशी येऊन उभी राहिली आहे. विचारते, "तुमचं ऐकतो का हो तो?"

मी म्हटलं, "ऐकतो."

काही झालं तरी तुझीच,
आई